नेट येतं खिडकीतून!

भारतात इंटरनेटच्या नव्वद कोटींहून जास्त जोडण्या आहेत. त्यांतल्या दर शंभरांपैकी पंचाण्णवच्या आसपास बिनतारी, म्हणजे मोबाइलच्या टॉवरवरून चालणाऱ्या. शहरातल्या सोसायटीत फायबरवाला दारात येतो. वाडीवर, डोंगरउतारावर, शेतातल्या घरात मात्र घरचं इंटरनेट म्हणजे एक सिमकार्ड आणि ते ज्यात घातलंय तो डबा: फोन, डोंगल किंवा राउटर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गात एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर खोपी बांधून ऑनलाइन तास करत होती, ही बातमी अनेकांना आठवत असेल. त्यानंतर टॉवर वाढले, ५जी आलं, घराच्या गच्चीवर बसणारी यंत्रं आली. तरीही ‘नेट फिरतंय’ ही तक्रार घरोघरी आहेच.

मला हा विषय मनापासून आवडतो, कारण इथे पैशापेक्षा समज जास्त कामाला येते. तोच राउटर, तेच सिम, तोच प्लॅन आणि जागा फक्त चार हात बदललेली, एवढ्यावर वेग दुप्पट झालेला दिसतो. असं का होतं, हे सांगणाऱ्या या काही गमतीच्या पण कामाच्या गोष्टी.

दांड्या मोजू नका, आकडा बघा

फोनवरच्या रेंजच्या दांड्यांना कुठलंही सार्वत्रिक मोजमाप नाही. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. २०१० मध्ये अॅपलने जाहीर पत्र काढून कबूल केलं होतं, की त्यांचं सूत्र चुकलेलं आहे आणि आयफोन बऱ्याचदा खऱ्यापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवतो! तेव्हा एका फोनच्या चार दांड्या आणि दुसऱ्याच्या दोन, यावरून कुठलं सिम चांगलं ते ठरत नाही.

खरी रेंज आकड्यात असते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सिम स्टेटस’खाली ती सापडते, राउटरच्या स्वतःच्या पानावरही असते. तिथे ‘आरएसआरपी’ किंवा ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ नावाचा उणे आकडा दिसेल. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११५ च्या खाली गेलं की रडकुंडी. हा आकडा साधा सरळ वाढत नाही. दहाचा फरक म्हणजे दहापट, वीसचा फरक म्हणजे शंभरपट. उणे १०० ला टॉवरच्या लहरीच्या एका बारीक पट्टीतून जी शक्ती राउटरपर्यंत पोचते, ती ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या नव्वद लाख कोटींव्या हिश्श्याएवढी असते. तेवढ्यावर तुमच्या घरात क्रिकेटचा सामना चालू असतो. याला मी आपल्या काळातलं आश्चर्य म्हणतो, आणि ते रोज घडतं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

दुसरा आकडा ‘एसआयएनआर’. रेंज किती, यापेक्षा ती किती स्वच्छ, हे तो सांगतो. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारचा माणूस मोठ्यानेच बोलत असतो, पण बँड वाजत असल्यामुळे शब्द कळत नाहीत, तसं इथे होतं. हा आकडा वीसच्या पुढे असेल तर राउटर सुखात आहे. शून्याच्या खाली असेल तर दांड्या भरलेल्या असूनही नेट रखडेल. दोन टॉवरांच्या मधोमध असलेल्या घरांना हा त्रास जास्त होतो, कारण दोन्हीकडचा आवाज एकमेकांत मिसळतो. राउटर घराच्या दुसऱ्या बाजूला नेला, म्हणजे घराचीच भिंत नको असलेल्या टॉवरला आडवी आली, की बऱ्याचदा आकडा सुधारतो. रेंज थोडी कमी झाली तरी वेग वाढतो, तो यामुळे.

टॉवर सेकंदाला हजार निर्णय घेतो

४जीचा टॉवर दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदातून हजार वेळा, नव्याने ठरवतो की आत्ता कुणाला किती जागा द्यायची. २० मेगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्याचे तो शंभर तुकडे पाडतो आणि गावातल्या सगळ्या फोनांमध्ये वाटतो. ५जीमध्ये ही वाटणी आणखी झटपट, बऱ्याचदा दर अर्ध्या मिलिसेकंदाला होते. रात्री नऊला नेट मंदावतं, ते रेंज गेली म्हणून नव्हे. त्या शंभर तुकड्यांवर हक्क सांगणारे वाढले म्हणून. मोठे अपडेट आणि सिनेमे पहाटे उतरवायला लावा, हा सल्ला म्हणूनच पक्का आहे.

आणखी एक नवल. तुमचा फोन किती दूर आहे, हे टॉवरला ठाऊक असतं. लांबच्या फोनला आपला संदेश थोडा आधी सोडावा लागतो, नाहीतर तो दुसऱ्याच्या वेळेत जाऊन धडकेल. ४जीमध्ये हा ‘थोडा आधी’चा हिशेब साधारण ७८ मीटरच्या टप्प्यांत होतो.

आणि नवा फोन टॉवरला पहिल्यांदा ‘मी आलोय’ कसं सांगतो? न विचारता, मध्येच बोलून. दोघे एकदम बोलले तर दोघेही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतात. ही युक्ती हवाई बेटांवरची आहे. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारं ‘अलोहानेट’ सुरू केलं होतं. आजच्या ५जी राउटरच्या पहिल्या हाकेतही तीच कल्पना जिवंत आहे.

खडकी ते लंडन, बिनतारी

बिनतारी संदेशवहनात महाराष्ट्राचा इतिहास फार जुना आहे आणि त्याची आठवण कमी काढली जाते. १९२७ मध्ये पुण्याजवळून थेट इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश पाठवायचं केंद्र खडकीला, घ्यायचं केंद्र दौंडला. दोन्ही वेगळ्या गावी, कारण स्वतःच्याच प्रक्षेपणाच्या गोंगाटात लांबून आलेला क्षीण संदेश बुडू नये. आणि लहरी चहूकडे न उधळता एका दिशेला एकवटून सोडायच्या, हे या ‘बीम’ तारसेवेचं मर्म होतं. आज गच्चीवर टॉवरकडे तोंड करून जो चपटा अँटेना बसवतात, त्याच्यामागेही हेच मर्म आहे.

त्या तारसेवेचा वारसा पुढे सरकारी परदेशी संदेशसेवेकडे आला आणि १९८६ मध्ये तिची विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल झाली. याच व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट उघडलं. वेग ९.६ केबीपीएस. आजच्या फोनने काढलेला चार एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागला असता. त्याच्या पंधरा दिवस आधी, ३१ जुलै १९९५ ला, पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला होता. एकाच पंधरवड्यात दोन्ही गोष्टींचा जन्म झाला आणि पुढे त्या एकमेकींत मिसळून गेल्या.

‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचं, हेही बदलत गेलं. २००४ मध्ये २५६ केबीपीएस पुरेसं होतं, मग ५१२ झालं, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस.

जांभ्याची भिंत आणि ७०० चा पट्टा

टॉवर एकाच लहरीवर बोलत नाही. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, ५जी ७०० आणि ३५०० वर. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी, ज्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये साडेसत्त्याण्णव हजार टॉवरांसह उद्घाटन झालं, ते ७०० आणि २१०० वर.

आकडा लहान तितकी लहर लांब. ७०० ची लहर सुमारे ४३ सेंटीमीटरची, ३५०० ची साडेआठ सेंटीमीटरची. लांब लहर दूरवर जाते, जांभ्याच्या जाड भिंतीतून आत शिरते, टेकडीला थोडा वळसाही घालते. आखूड लहर एवढी लांब पोचत नाही, पण तिच्या पट्ट्यात जागा मुबलक असते म्हणून वेग जास्त. घराच्या आत फोन ८५० ला चिकटतो आणि नेट रांगतं. खिडकीत नेला की २३०० किंवा ३५०० पकडतो आणि पळू लागतो. बऱ्याच राउटरांत कुठला पट्टा धरायचा ते आपल्याला ठरवता येतं. प्रत्येक पट्टा एकेकदा लावून वेग तपासणं ही माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे, कारण तिला काहीच खर्च नाही.

इथेच एक इशारा. अमेरिकेतून भाऊ-बहिणीने प्रेमाने आणलेला राउटर इथे मंद चालू शकतो, कारण तिकडच्या अनेक यंत्रांत २३०० चा पट्टा नसतो. खोका उघडण्याआधी त्यावर छापलेले बँडचे, म्हणजे पट्ट्यांचे, क्रमांक बघा (२३०० चा क्रमांक ४०): जिओसाठी ३, ५, ४०, एअरटेलसाठी १, ३, ८, ४०, व्हीआयसाठी १, ३, ८, ४१, बीएसएनएलसाठी १ आणि २८.

दुसरी गोष्ट त्याच खोक्यावरची. ‘कॅट ४’ लिहिलेला राउटर एका वेळी एकच पट्टा धरतो आणि कागदावर जास्तीत जास्त १५० एमबीपीएस देतो. ‘कॅट ६’ दोन पट्टे जोडून वापरतो, कागदावर ३००. कागदावरचा वेग घरात मिळत नाही, पण गर्दीच्या वेळी दोन पट्ट्यांचा आधार जाणवतो. दोन-तीन वर्षं वापरायचा असेल तर कॅट ४ वर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च परवडत असेल आणि टॉवर ५जीचा असेल तर सरळ ५जीचा घ्या.

अँटेना वर, वायर खाली

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे घरांच्या कौलांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने उगवले. वर एकजण अँटेना फिरवतोय, खालून सगळं घर ‘आलं, आलं, गेलं!’ ओरडतंय, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना आजचं काम सोपं जाईल. तो अँटेना जपानचा. तोहोकू विद्यापीठात शिन्तारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये तो मांडला. जपानमध्येच त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या कागदांत ‘यागी’ हा शब्द सापडला आणि तो आपल्याच प्राध्यापकाचं नाव आहे, हे त्यांना एका युद्धकैद्याकडून कळलं, असं सांगतात.

४जीसाठी असा दिशेचा अँटेना लावताना एक चूक सर्रास होते. अँटेना गच्चीवर आणि राउटर खाली दिवाणखान्यात ठेवून मध्ये दहा-पंधरा मीटर स्वस्तातली अँटेनाची केबल टाकतात. या लहरींना बारीक केबल सोसत नाही. अँटेनाने जे कमावलं ते केबल खाऊन टाकते. याच्या उलट करा. राउटर अँटेनाजवळ, वर, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा आणि तिथून खाली साधी लॅन केबल आणा. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत वेग न गमावता डेटा आणते, शिवाय योग्य जोडणी असेल तर तीच वरच्या यंत्राला वीजही पुरवते. एअरफायबरवाले, म्हणजे टॉवरवरून घरी नेट देणारे, गच्चीवर पांढरा डबा लावून खाली वायर सोडतात, तेव्हा ते हेच करत असतात. एअरटेलने ही सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली आणि मुंबईत सुरू केली, जिओने १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी.

अँटेना लावायचाच नसेल तरी तत्त्व तेच. राउटर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत. बंद खोलीपेक्षा खिडकीत दहा-वीसचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे, आणि दहा म्हणजे दहापट हे वर आलंच. खिडकीला लोखंडी जाळी किंवा शेजारी पत्र्याची शेड असेल तर मात्र दुसरी खिडकी शोधा. धातू लहरींना अडवतो. टॉवर कुठे आहे ते दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर नकाशात दिसतं.

घरातल्या बाकी खोल्यांना वाय-फाय पुरवणं हे वेगळं काम आहे. टॉवरशी बोलण्याची उत्तम जागा आणि घराशी बोलण्याची उत्तम जागा सहसा एक नसते. दोन कामं दोन यंत्रांना द्या आणि त्यांच्यामध्ये वायर टाका. घरचं बिनतारी नेट भरवशाचं करण्यासाठी मला एकच वाक्य सांगायला दिलं तर मी हेच सांगेन. घरात स्वस्तातला वाय-फाय रिपीटर लावून भागवू नका. त्यातले बरेचसे एकाच पट्ट्यावर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग अर्ध्यावर येतो.

पावसात नेट का जातं?

‘पाऊस आला, नेट गेलं’ याचा दोष पावसाच्या थेंबांना देतात. पण ४जीच्या लहरी पावसातून जवळपास तशाच पार होतात. मग जातं काय? एक म्हणजे वीज. टॉवरची बॅटरी संपली की टॉवर मूक. दुसरं, डोंगरातले अनेक टॉवर पुढच्या टॉवरशी फायबरने नव्हे, तर गोल तबकडीच्या मायक्रोवेव्ह दुव्याने जोडलेले असतात. त्या लहरी खूप आखूड, पंधरा गिगाहर्ट्झ किंवा त्याहूनही वर, आणि मुसळधार पाऊस त्यांना चांगलाच झोडपतो. तुमच्या फोनवर दांड्या भरलेल्या असतात, पण टॉवरचाच पुढचा रस्ता अरुंद झालेला असतो. तिसरं, झाडं. मे महिन्यात मोकळा असलेला मार्ग जुलैत ओल्या, गच्च पानांनी भरतो. अँटेना उन्हाळ्यात बसवणार असाल तर समोरचं झाड पावसाळ्यात केवढं होतं ते आठवून बसवा.

५जीच्या २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला तर पाऊस, पानं, भिंत, सगळंच जड जातं. या मिलिमीटर लहरी अगदी आजच्या वाटतात, पण त्यांचा पाया भारतातच घातला गेला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ ते ९६ या काळात कोलकात्यात ६० गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी तयार केल्या आणि पकडल्या. कर्ण्याच्या आकाराचा अँटेना आणि गॅलिना खनिजाचा ग्राहक त्यांनी स्वतः घडवला. कोलकात्याच्या टाउन हॉलमधल्या प्रयोगात भिंतीआडून पाठवलेल्या लहरींनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. आज गच्चीवर बसणाऱ्या डब्याचे पूर्वज तिथे आहेत.

ओव्हन, कृष्णविवरं आणि कल्याण

वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा पट्टा एकच. ओव्हन चालू असताना स्वयंपाकघरातला व्हिडिओ कॉल अडखळतो तो म्हणून. ऑस्ट्रेलियात पार्क्स इथल्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून मधूनमधून गूढ संकेत मिळत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला: कर्मचारी ओव्हन थांबायच्या आधीच दार उघडत होते! राउटर ओव्हनपासून, फ्रिजपासून, माशांच्या टाकीपासून दूर ठेवा. पाणी आणि धातू, दोन्ही या लहरींना नकोसे.

ती दुर्बीण ज्या संस्थेची, त्याच सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेने वाय-फायलाही हातभार लावला. नंतर तिथे रुजू झालेले जॉन ओसलिव्हन १९७७ च्या सुमारास स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होते. ते सापडले नाहीत. पण पसरट, फिस्कटलेला संकेत स्वच्छ करण्याचं गणित हाती लागलं. खोलीत वाय-फायची लहर भिंतींवर आपटून पुन्हापुन्हा येते आणि फिस्कटते, तिथे पुढे त्यांच्या चमूने नेमका हाच अनुभव वापरला. १९९६ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि त्यातून संस्थेला ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम मिळाली.

आता याचा कल्याणशी संबंध. १९५० च्या दशकात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप याच संस्थेत काम करत होते. तिथल्या सहा फुटी ३२ तबकड्या त्यांच्या प्रयत्नाने भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला त्यांची दुर्बीण उभी राहिली. पुढे त्यांनीच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, उभारली. तिथे गेलात तर फोन बंद करायला सांगतात. विश्वातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की एका फोनची कुजबुजही त्यांना झाकून टाकते. हा नियम आनंदाने पाळा.

वाय-फाय किती लांब जातं?

घरात दोन भिंतींपलीकडे न जाणारं वाय-फाय नीट दिशा दिली तर थक्क करतं. व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये दोन डोंगरमाथ्यांवर तबकड्या लावून ३८२ किलोमीटरचा वाय-फाय दुवा जोडला. मुंबईहून सरळ रेषेत गेलं तर गोव्याच्या उंबरठ्यापर्यंतचं अंतर!

नेपाळच्या नांगी या डोंगरी गावात महाबीर पुन यांनी टीव्हीच्या तबकड्या आणि झाडांवर बांधलेले अँटेने वापरून गावं इंटरनेटला जोडली. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने लांब पल्ल्याच्या वाय-फायवरून खेड्यांतल्या केंद्रांतले रुग्ण तपासले. आणि आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या पट्ट्यांवरून गावांत इंटरनेट पोचवून पाहिलं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. म्हणजे वाडीतल्या एका उंच घराला चांगली रेंज असेल, तर समोर दिसणाऱ्या घरापर्यंत दोन तबकड्यांनी वाय-फाय नेणं हा करून बघण्यासारखा उपाय आहे. यंत्रं परवानगीच्या शक्तीतली, मान्यताप्राप्त घ्यायची, एवढंच.

डेटा जातो कुठे?

नोकियाच्या अहवालानुसार २०२४ मध्ये भारतीय मोबाइलधारक महिन्याला सरासरी २७.५ जीबी डेटा वापरत होता आणि घरी ५जीचं बिनतारी कनेक्शन असलेलं गिऱ्हाईक त्याच्या बारापट. हिशेब सोपा आहे. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, की एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत जातात, ४केमध्ये ७ जीबीपर्यंत. रोजचा २ जीबीचा प्लॅन एका सिनेमाआधीच संपतो आणि मग वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये दर्जा एक पायरी खाली आणा. बत्तीस इंची पडद्यावर फरक कळत नाही, महिनाअखेर मात्र कळतो.

सिमवर घरचा कॅमेरा चालत नाही?

शेतघरात सिमवर चालणारा राउटर आणि सीसीटीव्ही बसवला, पुण्याहून बघायला गेलं तर दिसतच नाही, ही तक्रार फार ऐकू येते. बिघाड काही नसतो. मोबाइल कंपन्या हजारो गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आत येणारी हाक तुमच्या घरापर्यंत पोचू शकत नाही. उपाय दोन: कंपनीच्या क्लाउडवरून चालणारा कॅमेरा घ्या किंवा आयपीव्ही६ ला, म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देऊ शकणाऱ्या नव्या पद्धतीला, साथ देणारी यंत्रं निवडा. आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात अगदी पुढच्या देशांपैकी आहे.

लाइट, वीज आणि कायदा

लाइट गेली की राउटर बंद, मग उत्तम रेंजचा उपयोग काय? बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी मुठीएवढे छोटे यूपीएस मिळतात. साध्या राउटरला ते काही तास तगवतात. फोनच कायमचा हॉटस्पॉट म्हणून चार्जिंगला लावून ठेवणं मात्र टाळा. दिवसरात्र तापून त्याची बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी घरात असणं धोक्याचं.

गच्चीवर धातूचा खांब उभा केला तर अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर हवाच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडते, त्या काळात यावर काटकसर करू नका.

आणि बाजारात मिळणारे मोबाइल सिग्नल बूस्टर विकत घेऊ नका. स्वतःहून असा बूस्टर बसवणं भारतात बेकायदा आहे. त्यामागे कारणही खरं आहे: तो टॉवरच्या कानात गोंगाट ओततो आणि आसपासच्या सगळ्यांचं नेट बिघडवतो. राउटरला जोडलेला साधा अँटेना वेगळा. तो स्वतःहून काही वाढवत नाही, फक्त नीट ऐकतो आणि नेमक्या दिशेला बोलतो.

घेण्याआधी

शेजाऱ्यांकडून वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं तासाभरासाठी मागून घ्या. घराच्या प्रत्येक खिडकीत आणि गच्चीवर आकडे लिहून ठेवा, सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा. ज्या सिमचा रात्रीचा वेग टिकतो ते मुख्य, दुसऱ्या कंपनीचं एक स्वस्त सिम राखीव. शक्य असेल तर दोन सिमं घेणारा राउटर घ्या, एक पडलं की तो आपोआप दुसऱ्यावर जातो. कंपनीचा माणूस बसवायला आला, की त्याला डबा कुठे लावायचा ते आपण दाखवा आणि लावून झाल्यावर आकडा विचारा. आरएसआरपी उणे ९५ पेक्षा चांगला आणि एसआयएनआर दहाच्या वर दिसल्याशिवाय त्याच्या कागदावर सही करू नका.